जांघेतून काळजापर्यंत

पाथर्डी तालुक्यातलं एखादं गाव घ्या. झेडपीच्या शाळेपुढे तपासणीची गाडी येऊन थांबते. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक नर्स. व्हरांड्यात वजनकाटा मांडला जातो, भिंतीला उंचीची पट्टी लागते आणि पोरं रांगेत एकमेकांना ढकलू लागतात. पहिलीतली एक मुलगी पुढे येते. घरी तिला माई म्हणतात, आपणही तेच म्हणू. वय ६, वजन १६ किलो. अंगानं काटकुळी, खेळायला पुढे. पळापळीत इतरांच्या आधी खाली बसते, पण ते कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. डॉक्टर तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावतात आणि बाकीच्या पोरांपेक्षा तिच्यापाशी जास्त वेळ थांबतात. ‘श्वास घे. सोड. परत घे.’

माई ही कुणी एक मुलगी नव्हे. पण तिच्या वाटेवरचा टप्पा न् टप्पा खरा आहे, आणि ती वाट सावकाश चालून दाखवावी म्हणूनच हे लिहितो आहे. ‘हृदयाला भोक’ हे शब्द कानावर पडले की आईबापाच्या पायाखालची जमीन सरकते. पुढे काय करतात हे कुणी नीट सांगितलेलं नसतं. मग ‘बघू पुढच्या वर्षी’ होतं. काही मुलांच्या बाबतीत ते वर्ष फार महाग पडतं.

डॉक्टर एवढा वेळ काय ऐकत होते? हृदयाच्या ‘लब-डब’मधला ‘डब’ हा दोन झडपा मिटल्याचा आवाज. एक झडप फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी, दुसरी शरीराकडे जाणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी. निरोगी मुलानं श्वास आत घेतला की हे दोन आवाज किंचित फाकतात आणि श्वास सोडला की पुन्हा एक होतात. माईचे ते एक होतच नाहीत. श्वास घेवो वा सोडो, ‘डब’ दुभंगलेलाच राहतो. एवढ्याशा खुणेवरून तिच्या कार्डावर जिल्हा रुग्णालयात पाठवण्याचा शेरा पडतो.

ही गाडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. २०१३ साली हा कार्यक्रम सुरू झाला तो आपल्याच राज्यात, पालघरला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी व्हावी असा नियम आहे. अडचण वेगळीच आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या पट्ट्यातली कितीतरी घरं दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. पोरं बरोबर जातात. शाळेपुढे गाडी येते तेव्हा माई कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर, कोपीपुढे धाकट्या भावाला सांभाळत बसलेली असू शकते. हजेरीपटावर ‘गैरहजर’ लागतं आणि तो दुभंगलेला ‘डब’ आणखी एक वर्ष कुणी ऐकत नाही. याच नगर जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांना शिकवून आरोग्यसेविका घडवल्या. गावातच एखादं शिकलेलं माणूस असलं की काय होतं, हे या मातीला नवं नाही.

माईचं नशीब की ती त्या दिवशी शाळेत होती. टूडी इको होतो आणि भोक दिसतं. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात, १२ मिलिमीटरचं. डॉक्टर त्याला एएसडी म्हणतात.

आईला वाटतं, भोक म्हणजे रक्त बाहेर गळत असणार. तसं नसतं. हृदय बाहेरून धड असतं, भोक असतं ते आतल्या भिंतीला. आईच्या पोटात असताना बाळाची फुप्फुसं बंद असतात, म्हणून त्या पडद्यात प्रत्येकच बाळाला एक झरोका असतो आणि जन्मानंतर तो सहसा मिटतो. माईच्या पडद्याचा एक तुकडा मुळात तयारच झाला नाही. त्यामुळे फुप्फुसातून शुद्ध होऊन डाव्या कप्प्यात आलेलं रक्त शरीराकडे जायचं सोडून काही प्रमाणात उजवीकडे सांडतं आणि पुन्हा फुप्फुसात जातं. फुप्फुसाला दुप्पट काम, हृदयाच्या उजव्या बाजूला दुप्पट ओझं. मूल मात्र वर्षानुवर्षं हसतं-खेळतं. सर्दी-खोकला सारखा, अंग धरत नाही, एवढंच. जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे साधारण ८ ते १० बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो, आणि त्यातल्या अनेकांची कहाणी अशीच गुपचूप चालते.

‘अँजिओ करायची का मग?’ हा घरातला पहिला प्रश्न. कारण आजोबांची अँजिओ झालेली असते. नळी तीच असली तरी काम निराळं. आजोबांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या तुंबल्यात का, ते बघायचं होतं. नातीच्या हृदयाची घडण बघायची असते, कप्प्याकप्प्यातला दाब मोजायचा असतो, रक्तातला ऑक्सिजन मोजायचा असतो, आणि जमलं तर त्याच बैठकीत दुरुस्तीही करायची असते. याला कॅथेटर तपासणी म्हणतात, दवाखान्यातलं बोलणं नुसतं ‘कॅथ’.

आदल्या दिवशी माई दाखल होते. रक्त तपासतात, रक्तगट पाहतात, वजन पुन्हा घेतात, कारण लहान मुलाचं प्रत्येक औषध किलोवर ठरतं. ताप किंवा छातीत कफ असेल तर तारीख पुढे ढकलतात. त्यावर चिडू नये, कफ भरलेल्या छातीला भूल देणं धोक्याचं असतं. उपाशी ठेवण्याचं वेळापत्रक सांगतात. जेवण, दूध ६ तास आधी बंद, अंगावर पिणारं बाळ असेल तर ४ तास, साधं पाणी २ तास. आजी मायेनं पदराआडून बिस्किट देते तेव्हा नेमका हाच नियम मोडतो. भुलीत पोटातलं अन्न उलटून श्वासनळीत जाऊ शकतं, म्हणून चुकून काही दिलं असेल तर लपवायचं नाही, सांगून टाकायचं.

कॅथलॅब म्हणजे गार खोली. मध्ये अरुंद टेबल, त्याला वेढून इंग्रजी ‘सी’सारखी कमान, कमानीच्या एका टोकाला एक्स-रे आणि दुसऱ्या टोकाला तो टिपणारं यंत्र. सगळ्यांच्या अंगात शिशाचे जड एप्रन. आईला दारापर्यंत येऊ देतात, काही ठिकाणी भूल चढेपर्यंत आतही. मग भूलतज्ज्ञ माईला झोपवतात. गार खोलीत लहान अंग लवकर थंड पडतं, म्हणून उबेची सोय आधीच केलेली असते.

आता जांघ. तिथे त्वचेखाली एक मोठी शीर आणि तिच्याशेजारी धमनी असते. सुई टोचून शिरेत जातात, सुईच्या पोकळीतून मऊ टोकाची बारीक तार आत सोडतात, सुई काढून घेतात आणि तारेवरून एक आखूड नळी सरकवतात. चिरफाड नाही, टाका नाही. सुई, तार, नळी ही युक्ती स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडली आणि जगभरातल्या कॅथलॅब आजही तिच्यावरच चालतात. नळीची जाडी ‘फ्रेंच’मध्ये मोजतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. माईला ७ फ्रेंचची नळी पुरते, म्हणजे बॉलपेनच्या रिफीलएवढी. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात.

आखूड नळीतून लांब कॅथेटर आत जातो. पोटातल्या महाशिरेतून वर, थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात. आतून हृदयाला नळीचा स्पर्श दुखत नाही. फार तर एखाददुसरा ठोका चुकतो आणि पडद्यावर तो लगेच दिसतो. हे सगळं आज नेहमीचं वाटतं, पण १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्ड गावी वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरनं स्वतःच्याच हाताच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी हृदयापर्यंत घातली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन एक्स-रे काढला, तेव्हा वरिष्ठांनी त्याला वेड्यात काढलं होतं. १९५६ मध्ये त्याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं.

यानंतरचा भाग कुणी आईबापांना सांगत नाही, आणि मला तोच सगळ्यांत सुंदर वाटतो. कॅथेटर एकेका ठिकाणी थांबतो आणि तिथलं थेंबभर रक्त बाहेर घेतलं जातं. शरीराला ऑक्सिजन देऊन परतलेल्या रक्तात तो साधारण ७० टक्के उरलेला असतो. वरच्या आणि खालच्या महाशिरेचा मेळ घालून माईचा आकडा येतो ७०. हेच रक्त उजव्या कप्प्यातून फुप्फुसाच्या धमनीत जातं. वाटेत कुठे काही मिसळलं नाही तर तिथेही ७० हवेत. तिथे येतात ८४. म्हणजे डावीकडचं शुद्ध रक्त यात मिसळलंय. किती, तेही काढता येतं. फुप्फुसातून बाहेर पडणारं रक्त ९८, शरीराकडे जाणारंही ९८. शरीरानं घेतलेला ऑक्सिजन ९८ वजा ७०, म्हणजे २८. फुप्फुसात भरला गेलेला ९८ वजा ८४, म्हणजे १४. २८ भागिले १४, उत्तर २. शरीरात रक्ताची एक घागर जाते तेव्हा माईच्या फुप्फुसात दोन घागरी जातात. शाळेतल्या भागाकारानं तिच्या काळजाचा हिशेब लागतो.

दुसरं माप दाबाचं. निरोगी मुलाच्या फुप्फुसाच्या धमनीतला दाब शरीरातल्या दाबाच्या पाव भागाएवढा असतो. माईचा वाढलेला नाही. म्हणजे भोक बंद करायला हरकत नाही.

हे वाक्य प्रत्येक मुलाच्या बाबतीत लिहिता येत नाही. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधलं मोठं भोक, म्हणजे व्हीएसडी, किंवा उघडी राहिलेली मोठी पीडीए वाहिनी असेल तर फुप्फुसाकडे नुसतं जास्त रक्त जात नाही, ते जोरानं जातं. बाळ दूध पिता पिता थांबतं, कपाळाला घाम येतो, छाती उडते, वजन वाढत नाही. सुरुवातीचे महिने असे जातात. मग कधीतरी त्रास कमी झाल्यासारखा वाटतो आणि घरचे म्हणतात, पोरगं सुधारलं. खरं तर त्या माऱ्यानं फुप्फुसातल्या बारीक धमन्या जाड आणि कडक होत चाललेल्या असतात. त्या इतक्या कडक होतात की एक दिवस रक्ताचा ओघ उलटा फिरतो, अशुद्ध रक्त शरीरात येतं आणि ओठ-नखं निळी पडतात. व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं आणि ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. या टप्प्यावर भोक बुजवलं तर मूल दगावू शकतं, कारण तेच भोक आता हृदयाची वाफ सोडणारी शिट्टी झालेलं असतं. अशा शंकेच्या मुलांची कॅथ ही फक्त मोजमापासाठी असते. दाब मोजतात, शुद्ध ऑक्सिजन देऊन पुन्हा मोजतात. धमन्या सैलावल्या तर अजून वाट आहे. सैलावल्या नाहीत तर डॉक्टर बाहेर येऊन आईबापांसमोर बसतात. व्हीएसडीचं मोठं भोक पहिल्या वर्षाच्या आतच बुजवायला हवं होतं, हे तेव्हा सांगून उपयोग नसतो. ते आत्ता, इथे सांगायला हवं.

माईकडे परत जाऊ. भोक १२ मिलिमीटरचं, पडद्याच्या मधोमध, सगळीकडून पुरेसा काठ. काठ महत्त्वाचा, कारण भोक बंद करणारी छत्री त्यालाच धरून बसते. भोक पडद्याच्या अगदी वर किंवा खाली, झडपेला चिकटून असतं तर काठाविना छत्री टिकली नसती आणि शस्त्रक्रियाच करावी लागली असती. छत्री बसत नाही म्हणजे केस हाताबाहेर गेली असं मुळीच नाही. टाके घालून भोक बुजवण्याची शस्त्रक्रिया फार जुनी आणि भरवशाची आहे.

लोक छत्री म्हणतात, कुणी बटण म्हणतात. खरं तर त्या जाळीच्या दोन तबकड्या असतात, मध्ये आखूड मान. धातू नायटिनॉल, निकेल आणि टायटॅनियमचा मेळ. त्याचा गुण असा की त्याला आपला आकार आठवतो. ओढून सरळ केला तर नळीत मावतो, नळीबाहेर आला की पुन्हा तबकडी होतो. नळी भोकातून डाव्या कप्प्यात नेतात. पहिली तबकडी तिथे उमलते. मग सगळंच हलकेच मागे ओढतात, तबकडी पडद्याला टेकते, आणि उजव्या बाजूला दुसरी उमलवतात. पडदा दोन तबकड्यांच्या मध्ये धरला जातो. अजून छत्री तारेला आट्यांनी जोडलेली असते. अन्ननलिकेतून घातलेल्या इकोवर डॉक्टर सगळ्या कडा तपासतात, झडपांना कुठे घासत नाही ना बघतात, तार मागे-पुढे हलवून पकड पाहतात. मनासारखं नसेल तर छत्री मिटून नळीत परत घेता येते. मनासारखं असेल तर तार उलटी फिरवतात, आटे सुटतात आणि तार मोकळी बाहेर येते. येत्या काही महिन्यांत हृदयाचं स्वतःचं अस्तर त्या जाळीवर चढतं.

प्रत्येक कॅथमध्ये छत्रीच असते असं नाही. फुप्फुसाच्या झडपेच्या पाकळ्या चिकटलेल्या असतील तर फुगा वापरतात. १९८२ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. जीन कान यांनी हे प्रथम केलं. झडपेत मिटलेला फुगा नेऊन तो भरतात. पडद्यावर आधी त्याची डमरूसारखी कंबर दिसते, चिकटलेल्या पाकळ्यांनी आवळलेली, आणि क्षणात ती कंबर जाते. पीडीए बंद करतात ती बुचासारख्या उपकरणानं. घसादुखीमागून सांधेवाताचा ताप येऊन मोठ्या मुलाची झडप आवळली गेली असेल तर तिथेही फुगा. आणि जन्मतःच निळं पडलेलं बाळ, ज्याच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांची अदलाबदल झालेली असते, त्याचं रक्त एकमेकांत मिसळावं म्हणून वरच्या पडद्यातला झरोका फुग्यानं झटका देऊन मोठा करतात. विल्यम रॅशकिंड यांनी १९६६ मध्ये ही वाट काढली. शस्त्रक्रियेपर्यंत जीव धरून ठेवायला तेवढं पुरतं. अशी बाळं प्रसूतीनंतर घरी जाण्याआधीच सापडावीत म्हणून हातापायाला लावायचं ऑक्सिजनचं चिमट्यासारखं यंत्र प्रत्येक प्रसूतिगृहात वापरलं जावं, असं मला मनापासून वाटतं. दुखत नाही, टोचत नाही, मिनिटभरात आकडा देतं.

धोका नसतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जांघेतून रक्त येऊ शकतं, काळं-निळं पडतं, धमनीत गुठळी होऊन पाय गार पडू शकतो. ठोका बिघडू शकतो. क्वचित छत्री जागेवरून निसटते, तेव्हा ती नळीनं किंवा शस्त्रक्रियेनं काढावी लागते. अनुभवी हातात हे सगळं कमी घडतं, म्हणूनच सही करण्यापूर्वी काही प्रश्न विचारायचे. लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर त्या दिवशी स्वतः आहेत का? मुलांना भूल देणारे आहेत का? गरज पडली तर शस्त्रक्रियेची सोय इथेच आहे का? मोठ्यांसाठीची कॅथलॅब असणं आणि मुलांची कॅथ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नगर, म्हणजे आता अहिल्यानगर, १७ हजार चौरस किलोमीटरचा, राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोले तालुक्याच्या डोंगरातलं बाळ आणि जामखेडचं बाळ यांचं जवळचं मोठं शहरसुद्धा एक नसतं. नगर शहरात आनंदऋषीजी हॉस्पिटल आहे, शिर्डीला साईबाबा संस्थानचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल, लोणीला प्रवरेचं. गुंतागुंतीच्या मुलांना पुणे-मुंबई गाठावी लागते, नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयावर पूर्ण मोफत उपचार होतात. पैशाच्या बाबतीत, तपासणीच्या गाडीनं पाठवलेलं कार्ड आणि रेशनकार्ड जपायचं. जुनी माणसं जिला अजून ‘जीवनदायी’ म्हणतात, ती २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात दाराशीच आरोग्यमित्राचं टेबल असतं. डॉक्टरांच्या आधी तिथे जायचं.

माई जागी होते तेव्हा जांघेवर घट्ट पट्टी असते. ४ ते ६ तास तो पाय सरळ ठेवायचा. सहा वर्षांच्या पोरीला हे सांगणं सोपं नाही, म्हणून आई पायाशी बसते आणि गुडघ्यावर हलका हात ठेवते. नर्स दर थोड्या वेळानं पाऊल उबदार आहे का, नाडी लागते का, बोटांचा रंग कसा आहे, ते बघते. आईनंही दोन्ही पावलांना हात लावून बघावा. एक गार लागलं तर लगेच सांगावं. दुसऱ्या दिवशी इको, आणि सारं ठीक असेल तर घर. छातीवर व्रण नाही, जांघेत टोचल्याचा ठिपका.

पुढचे ६ महिने ॲस्पिरिनची अगदी लहान गोळी, रोज. महिनाभर उड्या, झाडावर चढणं, कुस्ती नको. दात किडू द्यायचे नाहीत, दात काढायची वेळ आली तर डॉक्टरांना छत्रीचं सांगायचं, कारण तोंडातले जंतू रक्तातून नव्या जाळीवर बसू शकतात. ताप, कांजिण्या आल्या तर गोळी चालू ठेवायची की नाही ते विचारायचं. इको १ महिन्यानं, ६ महिन्यांनी, वर्षानं, आणि नंतरही अधूनमधून.

माईची छत्री भाद्रपदात बसली असेल तर सहा महिन्यांचा इको येतो फाल्गुनात, आणि तेव्हा घर ऊसतोडीवर असतं. निघताना डॉक्टरांकडून एक चिठ्ठी लिहून घ्यायची, म्हणजे कारखान्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात इको होऊन कागद इकडे येऊ शकतो. मुकादमाला तारीख आत्ताच सांगून ठेवायची. आणि फाईल, इकोच्या कागदासकट, प्लास्टिकच्या पिशवीत घालून भांड्यांच्या पेटीत सगळ्यांत वर ठेवायची. तळाशी नाही. कोपीत पेटी उघडली की आधी तीच हाताला लागली पाहिजे.